ब्रेस्ट इम्प्लांटचा विचार करताय? कोल्हापूर परिसरातल्या बायकांसाठी पायरीपायरीनं माहिती

आपल्याकडे या विषयावर कुणी उघडपणे बोलत नाही. मोबाइलवर जाहिराती दिसतात, पार्लरमध्ये कुजबुज कानावर येते, आणि प्रत्यक्ष डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं तेच सुचत नाही. वयात आल्यापासून माझ्या दोन्ही स्तनांच्या आकारात बराच फरक होता, म्हणून मी इम्प्लांट, म्हणजे स्तनाच्या आत बसवायची कृत्रिम पिशवी, करून घेतलं. शस्त्रक्रिया पुण्यात झाली, पुढच्या तपासण्या इथं कोल्हापुरात चालू आहेत. आता ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बायका फोन करून विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथं नीट लिहून ठेवते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ही एकदा करून मोकळं होण्यातली शस्त्रक्रिया नाही. इम्प्लांट जन्मभर टिकत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या माहितीनुसार, आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट घेतलेल्या बायकांपैकी २० टक्क्यांपर्यंत बायकांना ८ ते १० वर्षांत ते काढावं लागतं. वय तिशीचं असेल तर पुढं किमान एक शस्त्रक्रिया होणार असं धरूनच हिशोब मांडा. पैशाचा, सुट्टीचा, घरच्यांचा, सगळाच.

१. आधी कारण आणि वेळ तपासा

लग्न ठरतंय म्हणून, नवरा म्हणतोय म्हणून, बाळंतपणानंतर कुणी काही बोललं म्हणून निर्णय घेऊ नका. भूल तुम्हाला घ्यायची आहे आणि टाके तुमच्या अंगावर पडणार आहेत. स्वतःला हवं असेल तरच पुढं जा.

वयाचंही बघा. एफडीएनं निव्वळ आकारासाठी सलाइनच्या, म्हणजे मिठाचं पाणी भरलेल्या इम्प्लांटला १८ वर्षं आणि सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटला २२ वर्षं ही खालची मर्यादा ठेवली आहे. कॉलेजच्या मुली विचारतात तेव्हा मी त्यांना थांबायलाच सांगते, कारण शरीर अजून बदलत असतं. वर्ष-दोन वर्षांत मूल हवं असेल तर आधी बाळंतपण होऊ द्या. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना स्तनांचा आकार बदलतो, आणि मग केलेलं सगळं पुन्हा बघायची वेळ येते. बाळाचं पाजणं सुटल्यावरही काही महिने जाऊ द्यावे लागतात.

कर्करोगामुळं स्तन काढावा लागलेल्या मैत्रिणींचा मार्ग थोडा वेगळा असतो. त्यांच्यात पुष्कळदा आधी एक्सपांडर, म्हणजे हळूहळू फुगवायची पिशवी बसवून कातडी हळूहळू ताणतात आणि नंतर इम्प्लांट घालतात. रेडिएशन झालं असेल किंवा होणार असेल तर इम्प्लांट कडक होण्याचा आणि जखम न भरण्याचा धोका वाढतो. अशा वेळी पोटाची किंवा पाठीची स्वतःची ऊती वापरून स्तन घडवता येतो का, हे जरूर विचारा. काहीच न करता सपाट ठेवणं आणि बाहेरून ब्रामध्ये कृत्रिम स्तन घालणं हाही चांगला पर्याय आहे. तो निवडणाऱ्या बायका काही कमी धीराच्या नसतात.

२. धोके नावानिशी समजून घ्या

हा भाग घाईत वाचू नका. २०२१ मध्ये एफडीएनं इम्प्लांटच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापणं बंधनकारक केलं. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी रुग्णाबरोबर बसून यादीतला एकेक मुद्दा वाचावा, असाही आग्रह धरला. आपल्याकडे कुणी तशी यादी हातात देईलच असं नाही, म्हणून खालचे मुद्दे वहीत उतरवून घ्या.

आवरण आवळणं, म्हणजे कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर. शरीरात बाहेरची वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती पातळ आवरण तयार करतं, आणि ते सगळ्यांमध्येच होतं. काहींमध्ये मात्र हे आवरण आवळत जातं, स्तन कडक होतो, आकार बिघडतो आणि दुखायला लागतं. याच्या बेकर नावाच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीत काही जाणवत नाही. चौथीत स्तन दगडासारखा घट्ट होतो आणि दुखतो. तिसऱ्या-चौथ्या पायरीला बहुतेक वेळा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

फुटणं. सलाइनचं इम्प्लांट फुटलं तर ते बसतं आणि लगेच कळतं, आतलं मिठाचं पाणी शरीर शोषून घेतं. सिलिकॉन जेलचं फुटलं तर वर्षानुवर्षं पत्ताही लागत नाही. बाहेरून सगळं तसंच दिसतं. म्हणून त्याला ठरावीक काळानं तपासणी लागते, त्याबद्दल पुढं लिहिलं आहे.

जंतुसंसर्ग आणि आत रक्त साठणं. हे बहुधा पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत होतं. संसर्ग औषधांनी आवरला नाही तर इम्प्लांट काढून जखम पूर्ण भरेपर्यंत महिनोनमहिने थांबावं लागतं.

संवेदना आणि दूध. स्तनाग्राची जाणीव कमी होऊ शकते, जास्त होऊ शकते, आणि काहींची ती कायमची जाते. माझ्या आत्तीनं मला पहिला प्रश्न हाच विचारला होता, "बाळाला पाजाय येतंय काय गं नंतर?" पुष्कळ जणींना येतं, पण खात्री कुणी देऊ शकत नाही. स्तनाग्राभोवती छेद घेतला तर दुधाच्या नळ्या दुखावण्याचा संभव जास्त असतो. पुढं मूल हवं असेल तर स्तनाखालच्या घडीतल्या छेदाबद्दल विचारा.

एक दुर्मीळ लिम्फोमा. त्याचं लांबलचक नाव आहे, डॉक्टर त्याला बीआयए-एएलसीएल म्हणतात. हा स्तनाचा नेहमीचा कर्करोग नाही. इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होणारा हा रक्तपेशींचा कर्करोग आहे, आणि तो मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला आढळला. एफडीएनं याबद्दल पहिला इशारा २०११ मध्ये दिला. २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीनं बायोसेल नावाच्या खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. बहुतेक जणींना शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी एकाच बाजूला अचानक सूज येते, आत पाणी साठतं, कधी गाठ लागते. लवकर सापडलं तर इम्प्लांट आणि आवरण पूर्ण काढल्यानं बहुतेक जणी बऱ्या होतात. म्हणून "सूज आपोआप जाईल" म्हणत घरी बसू नका. २०२२ मध्ये एफडीएनं याच आवरणात क्वचित सापडणाऱ्या दुसऱ्या काही कर्करोगांबद्दलही सूचना काढली.

थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा, केस गळणं. इम्प्लांटनंतर असा त्रास होतो असं सांगणाऱ्या बायका जगभर आहेत. त्याला ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस म्हणतात. हा आजार पकडणारी एकच अशी तपासणी नाही आणि कारणही पक्कं सापडलेलं नाही. इम्प्लांट काढल्यावर काही जणींना बरं वाटलं आहे. संधिवातासारखा किंवा स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार तुम्हाला किंवा घराण्यात असेल तर हे आधीच बोला. "सगळं मनाचे खेळ" म्हणून टोलवणाऱ्या डॉक्टरांकडं दुसऱ्यांदा जाऊ नका.

उलट बाजूही सांगते. इम्प्लांटमुळं स्तनाचा नेहमीचा कर्करोग वाढतो असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. मात्र मॅमोग्राफीत काही भाग इम्प्लांटमागं झाकला जातो. म्हणून तपासणीला गेल्यावर टेक्निशियनला आधी सांगायचं. ते इम्प्लांट मागं ढकलून वेगळ्या कोनातून जादा फोटो घेतात.

३. डॉक्टर निवडणं

पाटीवर "कॉस्मेटिक सर्जन" लिहिलेलं पुरेसं नाही. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का ते बघा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक घालून खात्री करता येते. ब्युटी क्लिनिक, स्किन क्लिनिक, पार्लरशी जोडलेलं "सेंटर" यांपासून लांब राहा. कुणी सुईनं सिलिकॉन किंवा फिलर टोचून छाती वाढवून देतो म्हणालं तर तिथून उठून या. द्रव सिलिकॉन अंगात पसरतं, गाठी होतात आणि ते पुन्हा काढता येत नाही.

कोल्हापूर, मिरज, पुणे की मुंबई, हा प्रश्न प्रत्येक जण विचारते. कोल्हापुरात आणि मिरजेत चांगले प्लास्टिक सर्जन आहेत. भाजणं, अपघात, कर्करोगानंतरची पुनर्रचना अशी कामं ते सतत करतात. पुण्या-मुंबईत निव्वळ इम्प्लांटचा हात जास्त बसलेले डॉक्टर भेटतात. माझं मत विचाराल तर शहरापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा आहे: शस्त्रक्रियेनंतर दहाव्या दिवशी रात्री ताप आला तर मला कोण बघणार? दुसऱ्याच्या हातची केस घ्यायला डॉक्टर नाखूश असतात, आणि ते रास्तही आहे. पुण्याला करणार असाल तर कोल्हापुरातल्या एका सर्जनशी आधीच भेटून बोलून ठेवा आणि दोघांचे फोन एकमेकांना द्या. माझ्या सर्जननी हे स्वतःहून केलं. तिथंच मला भरवसा वाटला.

दोन ठिकाणी तरी सल्ला घ्या. विचारायचे प्रश्न लिहून न्या:

- अशा किती केसेस तुम्ही वर्षाला करता? किती जणींना पुन्हा शस्त्रक्रिया लागली?
- इम्प्लांट स्नायूच्या वर की खाली? का?
- भूलतज्ज्ञ कोण? रुग्णालयात आयसीयू आहे का, की लागल्यास हलवावं लागेल?
- गुंतागुंत झाली तर खर्च कुणाचा?
- काढायची वेळ आली तर तुम्हीच काढाल का?

पहिल्याच भेटीत "आज बुकिंग केलं तर सवलत" ऐकू आलं तर पैसे देऊ नका.

४. इम्प्लांट आणि आकार ठरवणं

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सिलिकॉन जेलचीच इम्प्लांट वापरतात. पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरखरीत, हे नाव घेऊन विचारा, आणि खरखरीत सुचवलं तर कारण मागा.

माप सीसीमध्ये, म्हणजे मिलीमध्ये असतं. आकड्यावरून अंदाज येत नाही, म्हणून घरी हे करून बघा. औषधाच्या किंवा स्वयंपाकाच्या मापानं २५० आणि ३०० मिली असे तांदूळ मोजा आणि पातळ मोज्यांत भरून गाठ मारा. सैलसर स्पोर्ट्स ब्रामध्ये ते घालून चार-पाच दिवस घरकाम करा, गाडीवर बसा, जिना चढा, झोपा. आरशात छान वाटलेला आकार दुपारी कपडे वाळत घालताना नकोसा होतो, हे तेव्हाच कळतं. फार मोठा आकार घेतला की कातडी ताणली जाते, इम्प्लांट खाली सरकतं आणि पाठही दुखते. तुमच्या छातीच्या रुंदीत बसेल तेवढंच घ्या.

खोक्यावरचं लेबल शस्त्रक्रियेआधी दाखवायला सांगा. त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, लॉट क्रमांक, मुदत आणि परदेशी माल असेल तर आयात परवान्याचा क्रमांक छापलेला असतो. हे सगळं मागण्याचं कारण आहे. २०१० मध्ये फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीची इम्प्लांट बाजारातून काढली गेली, कारण त्यांत वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरलेलं निघालं. आपल्या अंगात कोणतं इम्प्लांट आहे हे माहीत नसलेल्या बायकांची तेव्हा सगळ्यात जास्त परवड झाली.

५. पैसे आणि विमा

अंदाजपत्रक लेखी घ्या. सर्जन, भूलतज्ज्ञ, इम्प्लांटची जोडी, थिएटर, खोली, औषधं, खास ब्रा आणि नंतरच्या भेटी हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं असू दे. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरला आहे का ते विचारा.

आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी बसत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना मात्र विमा नियामकानं ठरवलेल्या अपवादात येते. तशी केस असेल तर कॅन्सरतज्ज्ञांचं पत्र जोडून आधीच मंजुरी मागा. हप्त्यावर पैसे मिळतात म्हणून उडी मारू नका. पुढच्या शस्त्रक्रियेची थोडी रक्कम बाजूला ठेवणं जमणार नसेल तर आता थांबलेलं बरं.

६. तयारी

रक्ताच्या तपासण्या, साखर, ईसीजी आणि स्तनांची सोनोग्राफी करून घेतात. वय चाळिशीच्या आसपास असेल तर मॅमोग्राफीही करतात. आधीचे रिपोर्ट जपून ठेवा, पुढं तुलनेला लागतात.

आता एक अशी गोष्ट जी बायका डॉक्टरांना सांगतच नाहीत: मिशरी. आपल्याकडच्या पुष्कळ बायका सकाळी मिशरी लावतात आणि "मी तंबाखू खात नाही" असं फॉर्मवर लिहितात. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, टाके उसवतात, संसर्ग होतो. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान चार आठवडे पूर्ण बंद ठेवावी लागते. सांगायची लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, पण सांगाच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, गर्भनिरोधक गोळ्या, वैद्यांची चूर्णं आणि काढे यांचीही पूर्ण यादी द्या. काय कधी थांबवायचं ते डॉक्टर ठरवतील.

घरात एका तरी माणसाला खरं माहीत असू दे. "माहेरी चाललेय", "ट्रेनिंग आहे" असं सांगून गुपचूप करून येणाऱ्या बायका मला माहीत आहेत. चौथ्या दिवशी कुकर उचलायची वेळ येते आणि नाही म्हणता येत नाही. सासूबाईंना सांगायचं नसेल तर नका सांगू, पण बहीण, नवरा, मैत्रीण असं कुणीतरी सोबत हवं.

बरोबर न्यायची कागदपत्रं आणि सामान:

- आधार कार्ड, जुने रिपोर्ट, औषधांची यादी, ॲलर्जीची नोंद
- विमा असेल तर पॉलिसी आणि मंजुरीचं पत्र
- संमतीपत्राची प्रत, आदल्या दिवशीच मागून मराठीत समजून घेतलेली
- पुढून उघडणारे गाऊन किंवा शर्ट, डॉक्टरांनी सांगितलेली ब्रा
- एक छोटी मऊ उशी

७. शस्त्रक्रिया आणि घरी येणं

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. काही तासांचं काम असतं आणि एखादी रात्र राहावं लागतं. छातीवर जड दडपण आल्यासारखं वाटतं. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर हात वर नेताना पहिले दिवस चांगलंच दुखतं. कधी ड्रेनची नळी असते, तिच्यात रोज किती पाणी आलं ते लिहून ठेवा.

पुण्यात करणार असाल तर डिस्चार्जच्या दिवशीच कोल्हापूरला निघू नका. पहिली ड्रेसिंग तपासणी होईपर्यंत तिथंच राहायची सोय करा. हायवेवर वळसे आणि खड्डे लागू शकतात, आणि प्रत्येक धक्का टाक्यांपर्यंत पोचतो. ती छोटी उशी सीटबेल्ट आणि छातीच्या मध्ये धरा. साताऱ्याला किंवा कराडला उतरून पाच मिनिटं चाला, म्हणजे पायांत रक्ताची गुठळी व्हायचा धोका कमी होतो.

घरी पाठीवर, डोकं थोडं उंच ठेवून झोपा. चार ते सहा आठवडे जड काही उचलायचं नाही: पाण्याची बादली, तांदळाचं पोतं, दोन वर्षांचं मूलसुद्धा. दुचाकी डॉक्टर सांगेपर्यंत नाही. आपल्या गल्लीबोळांतले स्पीडब्रेकर आठवा. रंकाळ्यावर सावकाश चालणं मात्र लवकर सुरू करता येतं.

लगेच फोन करायचा तो अशा वेळी: एक बाजू अचानक फुगून घट्ट झाली, ताप आला, लाली पसरली, टाक्यातून पू किंवा घाण वास आला, पोटरी सुजून दुखायला लागली, श्वास लागला. श्वासाचा त्रास असेल तर फोन करत बसू नका, जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा.

८. इम्प्लांट कार्ड आणि पुढची वर्षं

डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचे स्टिकर लावलेलं कार्ड हातात घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. दोन बाजूंचे दोन स्टिकर, त्यावर लॉट आणि सिरियल क्रमांक. एका मैत्रिणीला फक्त "इम्प्लांट किट" लिहिलेलं बिल मिळालं. काही वर्षांनी दुखायला लागलं तेव्हा आत कुठल्या कंपनीचं काय आहे हे कुणालाच सांगता येईना. कार्डाचा फोटो काढून घरातल्या एकाला पाठवून ठेवा. मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पण त्या सांभाळायचं बंधन ३ वर्षांचंच आहे, म्हणून उशीर करू नका.

सिलिकॉन इम्प्लांटसाठी एफडीएचा सल्ला असा आहे: काही त्रास नसला तरी ५ ते ६ वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी, नंतर दर २ ते ३ वर्षांनी. दोन्ही सोयी कोल्हापुरात आहेत. जाताना कार्ड न्या आणि "इम्प्लांट फुटलंय का बघायचंय" असं स्पष्ट सांगा, कारण त्यासाठीची एमआरआय वेगळ्या पद्धतीनं घेतात. पुढं कधी स्तनात गाठ लागली आणि सुईनं तपासायची वेळ आली तर इम्प्लांट आहे हे आधी सांगा, म्हणजे सोनोग्राफीत बघून सुई घालतील.

९. बिघडलं तर, किंवा नको झालं तर

उपचारात हलगर्जी झाली असं वाटलं तर आधी सगळी कागदपत्रं मिळवा आणि दुसऱ्या प्लास्टिक सर्जनचं लेखी मत घ्या. तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं करता येते. भरपाईसाठी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, त्याची मुदत २ वर्षांची असते. इम्प्लांटमध्येच दोष वाटला तर गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाकडं वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींची नोंद होते. ती करायला डॉक्टरांना सांगा, किंवा स्वतः करा.

इम्प्लांट काढून टाकायचा निर्णय कधीही घेता येतो, त्याला "हरलीस का" असं कुणी म्हणायचं कारण नाही. काढल्यावर कातडी सैल दिसते, कधी तिला आकार देण्याची वेगळी शस्त्रक्रिया लागते. आवरण ठेवायचं की काढायचं हे आधी ठरवा. सूज किंवा पाणी असेल तर ते पाणी आणि आवरण तपासायला पाठवायचं आहे आणि बीआयए-एएलसीएलसाठी सीडी३० ही तपासणी करायची आहे, असं प्रयोगशाळेच्या फॉर्मवर लिहिलंय का ते स्वतः वाचून बघा. काढलेली इम्प्लांट कुठल्या अवस्थेत निघाली याचा फोटो आणि नोंद मागून घ्या.